कळीचा चुना आणि गरमागरम डबा



मागच्या अंकात आपण कुकरच्या शिट्टीबद्दल बोललो होतो. त्यावर एका वाचक ताईंनी कळवलं, "आता गॅसच नसेल तर अन्न कसं गरम करायचं, तेही सांगा." मी सोलर कुकरवर लिहायचं ठरवलं होतं. थोडी तयारीही केली होती. पण भाऊबीजेला घरी जे घडलं, त्यानंतर दुसरं काही लिहावंसं वाटेना. म्हणून सोलर कुकर पुढच्या वेळी.

आमचं घर भालकीला, बीदर जिल्ह्यात. मी नोकरीला बेंगळुरूत. दिवाळीला सगळे भालकीत जमतो. या वेळी माझ्या बॅगेत फराळाच्या जोडीला एक गंमत होती. ऑफिसमधल्या एका मित्राने ट्रेकसाठी स्वतःहून गरम होणारे नूडल्सचे डबे ऑनलाइन मागवले होते. ट्रेक रद्द झाला आणि त्यातले दोन माझ्याकडे आले. गॅस नको, करंट नको, काडेपेटी नको. साधं गार पाणी ओतायचं आणि पंधरा मिनिटांत वाफाळलेलं जेवण तयार. घरातल्या पोरांवर छाप पाडायला यापेक्षा चांगली वस्तू कुठली?

भाऊबीजेच्या दुपारी अंगणातल्या फरशीवर पोरांना गोल बसवलं आणि डबा उघडला. आत काय असतं ते आधी सांगतो. खाली एक प्लास्टिकचं खोलगट भांडं. त्यावर बसणारी दुसरी थाळी, तिच्यात नूडल्स आणि मसाला. वर झाकण, झाकणाला एक बारीक भोक. आणि वेगळ्या पाकिटात एक पांढरी चपटी पिशवी, कापडासारखी, हातात धरली की आत भुकटी आहे हे कळतं. पिशवी खालच्या भांड्यात ठेवायची, खुणेच्या रेघेपर्यंत गार पाणी ओतायचं, वर थाळी बसवायची, थाळीतही पाणी घालायचं, झाकण लावायचं. झालं.

मी तसं केलं. अर्ध्या मिनिटात डबा खदखदायला लागला. झाकणाच्या भोकातून वाफेची धार निघाली. पोरं टाळ्या पिटायला लागली. माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला वाटलं, एवढी वाफ वाया चालली आहे. त्याने विचारलं, "मामा, भोक बंद करू? लवकर शिजेल." आणि मी, बी.ई. झालेला माणूस, मोबाइलवर व्हिडिओ काढण्यात गुंग, म्हणालो, "हो, कापडाने दाब."

तेवढ्यात मागून आवाज आला. "हात काढ! काय करलालास रे? आधी हात काढ त्याच्यावरचा!"

तात्या. माझ्या आईचे काका, वय ब्याऐंशी. व्हरांड्यातल्या खुर्चीवरून ते कधी उठले कळलंच नाही. त्यांनी भाच्याला दंडाला धरून मागे ओढलं, सगळ्या पोरांना चार हात लांब केलं आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चुना आहे त्याच्यात. वास येलालाय."

मी पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली. पहिलंच नाव कॅल्शियम ऑक्साइड. म्हणजे कळीचा चुना. तात्यांनी पाकीट वाचलं नव्हतं. त्यांना डाव्या डोळ्याने दिसतच नाही, आणि उजव्याने एवढी बारीक अक्षरं वाचता येत नाहीत.

फरशीचा भाऊ

तात्या तरुणपणी शहाबादकडे एका चुन्याच्या भट्टीवर कामाला होते. शहाबाद म्हणजे तेच, ज्याच्या नावाची फरशी तुमच्या आजोळच्या घरात, वाड्यात, कदाचित पुण्या-मुंबईच्या जुन्या चाळीतही असेल. कलबुर्गी आणि वाडी जंक्शनच्या मध्ये, मुंबई-चेन्नई रेल्वेमार्गावरचं गाव. तिथून चित्तापूर, मळखेड, सेडमपर्यंत जमिनीखाली चुनखडीचे थर पसरले आहेत. भूगर्भशास्त्रात या पट्ट्याला भीमा खोरं म्हणतात. या दगडाच्या पातळ लाद्या निघतात, त्याची फरशी होते. हाच दगड सिमेंट कारखान्यांत जातो. आणि पूर्वी हाच दगड गावोगावच्या भट्ट्यांत भाजून चुना होत असे.

आमच्या अंगणातही शहाबादी फरशीच आहे. तात्यांनी त्या दुपारी डब्याकडे बोट केलं, मग पायाखालच्या फरशीवर काठी आपटली आणि पोरांना म्हणाले, "ही फरशी आणि ती पिशवी, भाऊ-भाऊ आहेत. एक भाजलेला, एक बिनभाजलेला."

रसायनशास्त्राच्या पुस्तकात हे इतकं थोडक्यात मला कधी सापडलं नव्हतं.

चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत ती साधारण 900 अंश सेल्सियसपर्यंत तापवली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम ऑक्साइड उरतं. 100 किलो शुद्ध दगडातून 56 किलो कळीचा चुना मिळतो, 44 किलो वायू होऊन उडून जातं. तात्या हेच त्यांच्या भाषेत सांगतात: "भट्टीत घातलेला दगड बाहेर काढला तर दिसायला तेवढाच, पण उचलला की हलका लागतो." आकार फारसा बदलत नाही, वजन मात्र जवळजवळ निम्म्यावर येतं. भट्टीवाला दगड हातात तोलूनच सांगत असे, भाजला की कच्चा राहिला.

आता खरी गोष्ट. दगडातून तो वायू बाहेर काढायला भट्टीने भरपूर उष्णता खर्च केलेली असते. ती सगळी काही धुरात जात नाही. तिचा एक हिस्सा त्या भाजलेल्या दगडात साठून राहतो. दगड गार होतो, हातात धरता येतो, गोणीत भरता येतो, पण उष्णता आत अडकलेलीच असते. त्यावर पाणी पडलं की कळीचा चुना पाण्याशी संयोग पावतो, त्याचा विरलेला चुना होतो, आणि अडकलेली उष्णता बाहेर येते. हिशोब मांडायचा तर भट्टीत दगडाने 178 रुपये घेतले असतील, तर पाणी घातल्यावर तो 65 रुपये ताबडतोब परत करतो.

उरलेले 113 रुपये? तेही परत मिळतात, पण हप्त्याहप्त्याने. विरलेला चुना भिंतीत गेला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषतो आणि पुन्हा चुनखडी होतो. त्याला वर्षानुवर्षं लागतात आणि उष्णता इतकी सावकाश सुटते की कुणाला जाणवत नाही. कलबुर्गीच्या किल्ल्यातली 1367 सालची जामा मशीद असो की बीदरचा 1472 सालचा महमूद गवानचा मदरसा, चुन्यात बांधलेल्या अशा इमारतींच्या सांध्यांत भाजलेला दगड पुन्हा दगड झाला आहे.

म्हणजे मंडळी, डबा "स्वतःहून" गरम होतो हे खरं नाही. कुठल्या तरी भट्टीत आधीच जाळ झालेला असतो. आपण पाणी घालून तो जाळ परत मागतो, एवढंच.

एका कपाचा हिशोब

पोरांनी लगेच विचारलं, मग घरी गॅस कशाला लागतो? चला, आकडे मांडू. दहावीच्या पुढच्या मुलांनी वही काढायला हरकत नाही.

एक ग्रॅम कळीचा चुना पाण्याशी पूर्ण संयोग पावला की साधारण 1.15 किलोज्यूल उष्णता देतो. एक कप, म्हणजे 200 मिलिलिटर चहा 25 अंशांवरून 65 अंशांवर न्यायला साधारण 33 किलोज्यूल लागतात. भागाकार केला की उत्तर येतं 29 ग्रॅम चुना. हे कागदावर. प्रत्यक्षात भांडं तापतं, वाफ उडते, चुना पूर्ण विरत नाही, म्हणून 50 ग्रॅम धरलेला बरा. त्याशिवाय चुन्याला लागणारं पाणी वेगळं. तेवढ्याच कामाला घरच्या शेगडीवर साधारण सव्वा ग्रॅम गॅस पुरतो. एका कपामागे 50 ग्रॅम विरुद्ध सव्वा ग्रॅम. रोजच्या स्वयंपाकाला हे परवडणारं नाही. जिथे जाळ करताच येत नाही, तिथेच या डब्याचा उपयोग.

या हिशोबात आणखी एक अडचण लपलेली आहे. चुना ठरावीक उष्णता देतो, म्हणजे पेय ठरावीक अंशांनीच तापतं. 2001 साली नेसकॅफेने ब्रिटनमध्ये असा कॉफीचा कॅन विक्रीला आणून पाहिला. बुडाचं बटण दाबलं की आतल्या कप्प्यातलं पाणी चुन्यात मिसळायचं आणि कॉफी साधारण 40 अंशांनी तापायची. खोलीत 20 अंश असेल तर 60 अंशांची झकास कॉफी. पण गरम कॉफी लागते कधी? थंडीत, उघड्यावर. तिथे कॅनच पाच अंशांवर असेल तर हातात येते 45 अंशांची कोमट कॉफी. पुढच्या वर्षी तो प्रयोग बंद झाला. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग ऑफिसात केलं आणि कस्टमर निघाला डोंगरावर.

आजचे नूडल्सचे डबे यावर दोन उपाय करतात. एक म्हणजे पिशवी मोठी ठेवायची. दुसरा म्हणजे चुन्यात ॲल्युमिनियमची पूड आणि थोडा सोडा मिसळायचा. चुन्याच्या पाण्यात ॲल्युमिनियम विरघळताना वजनाच्या मानाने चुन्याच्या दहा पटींहून जास्त उष्णता देतं. मात्र त्यात हायड्रोजन वायू सुटतो, आणि तो पेट घेणारा. म्हणून अशा डब्याजवळ निरांजन, उदबत्ती, सिगारेट काहीही नको. अमेरिकी सैन्याच्या जेवणाच्या पाकिटात चुन्याऐवजी मॅग्नेशियम आणि लोखंडाची पूड असते, तिच्यातूनही हायड्रोजनच निघतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना मिळालेल्या सूपच्या डब्यांची तर तऱ्हाच वेगळी. डब्याच्या मधोमध नळी, नळीत जळणारं रसायन, आणि वात पेटवायची सिगारेटने! आधी डब्याला भोक पाडायला विसरलं तर डबा फुटत असे.

इथे आपण पुन्हा भोकाशी आलो.

भोक कशासाठी असतं

पाण्याची वाफ झाली की ती साधारण सोळाशे पट जागा मागते. चमचाभर पाण्याची वाफ म्हणजे मोठी कळशीभर. तिला वाट मिळाली तर ती थाळीच्या बुडाला, चारी बाजूंना लागून अन्न तापवते आणि जास्तीची भोकातून निघून जाते. वाट बंद केली तर दाब वाढतो, आणि हा कुकर नाही. कुकरला जाड भांडं, शिट्टी, सेफ्टी वाल्व्ह. याला पातळ प्लास्टिक आणि नुसतं दाबून बसवलेलं झाकण. ते उडालं असतं तर उकळतं चुन्याचं पाणी सरळ भाच्याच्या तोंडावर गेलं असतं.

पाण्याची रेघही अशीच महत्त्वाची. भांड्यात पाणी शिल्लक आहे तोवर तापमान 100 अंशांच्या आसपासच राहतं, कारण जास्तीची उष्णता वाफ करण्यात खर्च होते. पाणी कमी पडलं की हा लगाम सुटतो. कोरडा-ओला चुना 100 अंशांच्या कितीतरी वर जातो. प्लास्टिक वितळायला तेवढं पुरतं. पूर्वी चुन्याच्या गोण्या पावसात अर्धवट भिजल्या तर गोणपाट पेट घेत असे, ते याचमुळे.

आणि ती कापडी पिशवी? ती पाणी हळूहळू आत सोडते. नुसता मोकळा चुना असता तर सगळी उष्णता एकदम सुटली असती. चुना हवेतला ओलावाही पितो आणि मरतो, म्हणून पिशवी वापरेपर्यंत हवाबंद पाकिटात असते. म्हणजे या डब्यातला प्रत्येक भाग चुन्याला आवरण्यासाठी आहे. मी त्यातला एक भाग कापडाने बंद करायला निघालो होतो.

तात्यांचा डोळा

आम्ही लहानपणापासून ऐकत आलो की तात्यांचा डोळा "कामावर गेला". यापुढे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्या संध्याकाळी नूडल्सचा डबा धुऊन ठेवल्यावर त्यांनी सांगितलं.

भट्टीवर चुना विरवायला हौद होता. नियम एकच: हौदात आधी पाणी, मग चुना. चुन्यावर पाणी घालायचं नाही, पाण्यात चुना सोडायचा. पहिल्याच दिवशी मुकादम हे शिकवायचा. तात्या तेव्हा विशीतले. एके दिवशी हौदातला सगळा चुना विरून शांत झाला होता, एक ढेकूळ मात्र तसंच पडून होतं. असं ढेकूळ म्हणजे जास्त भाजलेला दगड. जाळ जास्त लागला की चुना घट्ट होतो, पाणी त्याच्यात लवकर शिरत नाही. वरून मेलेला वाटतो, पण तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशीही जागा होतो. भिंतीच्या गिलाव्यात असा कण राहिला तर महिन्यांनी तिथे फोड येऊन चुना उडतो. तात्या वाकले आणि सळईने ते ढेकूळ फोडायला गेले. ते फुटलं आणि गरम चुना डाव्या डोळ्यात उडाला.

"मग पाण्याने धुतलं नाही का?" माझ्या लेकीने विचारलं.

"पाण्याचा हौद हाताशी होता. मी पाणीच मागत होतो," तात्या म्हणाले. "पण सगळे म्हणाले, चुन्याला पाणी लावू नका, आत उकळेल. मग फडक्याने पुसलं, तूप घातलं. गुलबर्ग्याला दवाखान्यात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली."

सोबतच्या माणसांनी वाईट हेतूने काही केलं नव्हतं. ती रोज डोळ्यांनी बघत होती की चुन्यावर पाणी पडलं की तो उकळतो. त्यांच्या अनुभवाने त्यांना तेच सांगितलं. तात्यांनीही साठ वर्षं तसंच मानलं, की पाणी घातलं असतं तर याहून वाईट झालं असतं.

मी रात्री अंथरुणावर पडून मनातल्या मनात आकडे मांडले. 10 ग्रॅम चुना 11.5 किलोज्यूल उष्णता देतो. तो 10 मिलिलिटर पाण्यात पडला तर पाणी उकळून उडेल. तोच 10 ग्रॅम चुना एक लिटर पाण्यात पडला तर पाणी किती तापेल? जेमतेम पावणेतीन अंश. आणि डोळ्यात 10 ग्रॅम जात नाही, कणभर जातो. धावत्या पाण्यात त्याची उष्णता कुठल्या कुठे वाहून जाते. शिवाय खरी हानी नुसत्या उष्णतेने होत नाही. चुना तीव्र अल्कली आहे, तो डोळ्याच्या बुबुळात मिनिटामिनिटाला आत शिरत जातो. तुपाने तो निघत नाही, उलट तिथेच थांबतो. थोडं पाणी धोक्याचं, भरपूर पाणी हाच उपाय. हौदाचा नियमही तेच सांगत होता: आधी भरपूर पाणी, मग चुना. हौदासाठी सगळ्यांना माहीत असलेला नियम डोळ्यासाठी कुणाला आठवला नाही.

बादली

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं दुसरा डबा फोडायला बसली होती. मी म्हटलं, आज नूडल्स गॅसवर करू, पिशवी मला द्या. अंगणात 15 लिटरची बादली भरून ठेवली. स्वयंपाकघरातला थर्मामीटर बुडवला. लेकीने आकडा वाचला: 26. काल ज्या पिशवीने डबा खदखदवला होता, तसलीच पिशवी चिमट्याने बादलीत सोडली. सगळ्यांना लांब उभं केलं. बारीक बुडबुडे आले. खदखद नाही, वाफ नाही. वीस मिनिटांनी काठीने पाणी ढवळून पुन्हा थर्मामीटर पाहिला: 28.

"मामा, पिशवी खराब आहे," भाचा म्हणाला.

"खराब नाही. उष्णता तेवढीच आहे. वाटेकरी वाढले."

तात्या खुर्ची ओढून जवळ बसले होते. त्यांनी लेकीला आकडा पुन्हा वाचायला लावला. मग बराच वेळ बादलीकडे बघत राहिले. मला एकदम वाटलं, हे दाखवायला नको होतं. साठ वर्षांपूर्वी गेलेला डोळा काही परत येणार नव्हता. मी विषय बदलायला गेलो तर तेच म्हणाले, "म्हणजे मी बरोबर मागत होतो."

मी म्हटलं, "हो तात्या. तुम्ही बरोबर मागत होता."

ते हसले नाहीत, रडलेही नाहीत. भाच्याला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "बघितलंस? आता तू चार जणांना सांग."

भाच्याच्या वतीने चार जणांना मी सांगतो. हे घरात मोठ्याने वाचा.

चुना, कुठलाही चुना, डोळ्यात गेला तर ताबडतोब नळाखाली धरा. पापण्या उघड्या ठेवून निदान वीस मिनिटं, जमलं तर अर्धा तास, सतत पाणी घाला. दिसणारे कण पाण्याबरोबर काढून टाका. चोळू नका. तूप, मध, तेल, दूध काहीही घालू नका. आधी पाणी, मग डोळ्यांचा दवाखाना, आणि वाटेतही पाणी चालू ठेवता आलं तर उत्तम. अंगावर कोरडा चुना सांडला तर आधी झटकून टाका, मग भरपूर पाण्याने धुवा.

तुम्ही म्हणाल, आमच्या फ्लॅटमध्ये चुना कुठला? आजोबांच्या पानाच्या डब्यात बघा. गावाकडे काकांच्या खिशातली तंबाखूसोबतची चुन्याची पुडी बघा. तो विरलेला चुना असतो, पाणी घातल्यावर तापत नाही, पण डोळ्याला तेवढाच घातक. मुलं ती पुडी खेळायला घेतात, दाबतात, ती फुटते आणि चुना सरळ डोळ्यात उडतो. अशा जखमांबद्दल आपल्याकडचे डोळ्यांचे डॉक्टर वारंवार लिहीत आले आहेत. पुडी उंचावर ठेवा.

आणि स्वतःहून गरम होणारा डबा हाती आलाच तर: उघड्या हवेत, सपाट जागी, रेघेपर्यंत पाणी, भोक मोकळं, जवळ जाळ नको, लहान मुलांच्या हातात नको. मोठ्यांनी करावं, मुलांनी लांबून बघावं. विमानात तो नेऊ नका, बहुतेक विमान कंपन्या परवानगी देत नाहीत. वापरलेली पिशवी पूर्ण गार झाल्यावरच टाका. बादलीचा प्रयोगही पोरांनी एकट्याने करायचा नाही.

परत निघालो तेव्हा तात्या व्हरांड्यात होते. पाया पडलो. ते म्हणाले, "पुढच्या वेळी असलं काही आणलंस तर आधी मला दाखव."

दाखवीन, तात्या.

तर मंडळी, पुढच्या अंकात नक्की सोलर कुकर. तोवर तुमच्याही घरात एखादे तात्या असतील, भट्टीवर, गिरणीत, शेतात, वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवलेले. या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, त्यांच्या कामाचा पहिल्या दिवशी शिकवलेला नियम कोणता होता. आणि मला कळवा.